नावात 'रान' असलेली पुस्तकं: एका शब्दाचा माग वाचनालयातून कसा काढायचा

वाचनालयात जायचं, कपाटासमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि शेवटी मागच्या वेळच्याच लेखकाचं आणखी एक पुस्तक उचलून घरी यायचं, असं मी बरीच वर्षं केलं. मग एकदा पिशवीत योगायोगानं दोन पुस्तकं एकत्र आली: मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' आणि ना. धों. महानोरांचं 'रानातल्या कविता'. आईनं पिशवी उघडली आणि म्हणाली, "दोन्ही रानाचीच आणलीस की."

वाचायला घेतल्यावर कळलं की दोन रानांचा एकमेकांशी फारसा संबंधच नाही. चितमपल्लींची सगळी नोकरी वनखात्यात गेली. त्यांचं रान म्हणजे जंगल, प्राण्यापाखरांचं. महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे शेतकरी. त्यांचं रान म्हणजे पिकाचं शिवार. आमच्या कराडकडे 'आजी रानात गेलीय' म्हटलं की कुणी वाघाची काळजी करत नाही, आजी भांगलायला, म्हणजे पिकातलं तण काढायला गेलेली असते. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, पण दोन पुस्तकं शेजारी ठेवल्याशिवाय ते डोक्यात कधी आलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक शब्द धरते आणि तो ज्या ज्या शीर्षकात सापडेल ती पुस्तकं वाचनालयातून आणते. सुरुवातीला बरेच घोळ घातले. तुमचे तरी वाचावेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय. उदाहरण 'रान'चंच घेते, कारण ते मी शेवटापर्यंत नेलंय.

१. शब्द निवडा, पण घाईनं नको

डोळ्यांना दिसणारी वस्तू किंवा जागा घ्या. माझा पहिला शब्द 'मन' होता. आठवडाभरात हात टेकले. मनःशांतीची पुस्तकं, मनोविकारांची पुस्तकं, मनाचे श्लोक आणि त्यांवरच्या टीका यांनी वही भरली. 'जीवन', 'प्रेम', 'स्वप्न' यांचंही तेच होणार. ते शब्द शीर्षकात शोभेला बसवलेले असतात.

मी एक चाचणी लावते. त्या शब्दाचे तीन तरी वाक्प्रचार पटकन आठवले पाहिजेत आणि तिन्हींत तो वेगळं काम करत असला पाहिजे. रान उठवणं, रान मोकळं मिळणं, जिवाचं रान करणं. बघा, तीन ठिकाणी तीन रानं. असा शब्द पुस्तकांच्या नावांतही रंग बदलतो.

इतिहासाची आवड असेल तर 'बखर' घ्या. सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर इथून निघालात की नंदा खरे यांच्या 'अंताजीची बखर'पर्यंत येता, आणि ती तर कादंबरी आहे. बखर हा शब्द तिथे काय करतो, हे जुन्या दोन बखरी चाळल्याशिवाय नीट उमगत नाही.

२. शब्दाची भावंडं आणि तोतये वेगळे करा

वहीचं एक पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला शब्द आणि त्याची रूपं: रान, रानात, रानातल्या, रानवाटा, रानभुली, रानवेडा. उजव्या बाजूला समानार्थी: जंगल, अरण्य, वन, बन.

डावी बाजू संपल्याशिवाय उजवीला हात लावू नका. हा नियम मी मोडला आणि 'वन'च्या मागे लागले, तर वनस्पतिशास्त्र आणि वनौषधी यांनी मला गाडून टाकलं.

तोतये इथेच भेटतात. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' मी जंगलाच्या भरवशावर आणलं. ते निघालं आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपन नावाच्या मुलाचं. दोन दिवसांत संपवलं, मग त्याची पुढची तिन्ही पुस्तकं आणली, पण रानाच्या यादीत त्याला जागा नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 'बन' शोधताना हमखास समोर येते. तिथे बन नाही, धनगरांची वाडी आहे. गदिमांचं 'चैत्रबन' तर चित्रपटगीतांचं पुस्तक. तोतयांना हाकलून देऊ नका, फक्त वेगळ्या पानावर लिहा. माझ्या वहीतलं ते पान आता सगळ्यांत मजेदार झालंय.

३. सभासद व्हा

ज्यांनी वाचनालयाची पायरी बरीच वर्षं चढलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी पुढे जावं.

सोबत साधारण एवढं लागतं:
– आधार कार्ड किंवा राहत्या पत्त्याचा दुसरा पुरावा, त्याची झेरॉक्स
– पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
– अनामत रक्कम आणि पहिल्या महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी
– काही ठिकाणी जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही
– एक वही आणि पेन्सिल. जुनी कार्डं आणि नोंदवह्या हाताळताना पेन हातात नको, ग्रंथपालांचा जीव वर-खाली होतो.

असल्या शोधाला जुनं वाचनालय बरं. नव्यात चालू खपाची पुस्तकं मिळतात, पण चाळीस वर्षांपूर्वीचा कवितासंग्रह जुन्याच फडताळात असतो. महाराष्ट्राचं या बाबतीत नशीब थोर. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. गोव्यात असाल तर पणजीचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे आणि तिथे मराठीचा भरणा चांगला आहे. तालुक्याच्या गावी असाल तर पाटीवर 'अ' वर्ग, 'ब' वर्ग असं काही लिहिलंय का बघा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर सार्वजनिक वाचनालयांना वर्ग पडले आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. पुस्तकांची संख्या किती असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

एका वेळी दोन पुस्तकं मिळणारी वर्गणी घ्या. फरक थोड्या पैशांचा असतो आणि या शोधात दोन पुस्तकं शेजारी असणं हाच तर मुद्दा आहे. अनामतीची पावती सभासद कार्डाच्या पाठीशी चिकटवून ठेवा. मी एका ठिकाणी ती हरवली, आणि गाव सोडताना माझेच पैसे परत मागायला चार खेपा घालाव्या लागल्या.

४. काउंटरवर काय बोलायचं

इथे नवखे अडखळतात. माझी पहिली खेप अशी झाली.

"काका, नावात 'रान' असलेली पुस्तकं हवी होती."

"लेखक कोण?"

"कुणीही चालेल."

"विषय? शेतीचं पाहिजे की जंगलाचं?"

"तेच तर बघायचंय."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, आज शनिवार आहे."

चूक माझी होती. देवघेवीच्या खिडकीवर गर्दीच्या वेळी असलं काही विचारू नये. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, वाचनालय उघडल्यावर तासाभरानं जा. आणि 'नावात रान असलेली सगळी' असं न म्हणता दोन पक्की नावं सांगा: "'रानवाटा' आणि 'रानातल्या कविता' पाहिजेत, आणि अशा नावाची आणखी कुठली आठवतात का?" पुस्तकं शोधायला काका आत गेले की आठवण आपोआप चाळवते. पुढच्या खेपेला याच काकांनी गो. नी. दांडेकरांची 'रानभुली' स्वतःहून काढून ठेवली होती. रायगडावरच्या मनीची ही कादंबरी माझ्या यादीत नव्हतीच.

५. यादीत शोधायची रीत

तुमच्या वाचनालयात तीनपैकी एक पद्धत असेल.

कार्डांचे खण असतील तर तुम्ही भाग्यवान. लेखकाचे आणि ग्रंथनामाचे खण वेगळे असतात. ग्रंथनामाच्या खणात 'रा'वर जा आणि एकेक कार्ड उलटा. खोटं बोलत नाही, यापेक्षा सुखाचं काम मला ठाऊक नाही. फक्त एक लक्षात घ्या: खणात शब्द सुरुवातीला असेल तरच सापडतो. कृष्णमेघ कुंटे यांचं 'एका रानवेड्याची शोधयात्रा' हे 'ए'खाली असणार, 'रा'खाली नाही. शीर्षकाच्या पोटातला शब्द खणात दिसत नाही, त्याला माणसांची आठवणच लागते.

नुसती दाखल नोंदवही असेल तर पुस्तकं आली त्या क्रमानं लिहिलेली असतात, म्हणजे नावावरून शोधणं अशक्य. तिथे शोधू नका. विषयवार छापील यादी आहे का विचारा. बऱ्याच जुन्या वाचनालयांनी कधीतरी अशी यादी छापलेली असते आणि ती कुठल्या तरी टेबलाच्या खणात असते.

संगणक असेल तर सोपं वाटतं, पण सर्वांत जास्त सापळे तिथेच.

पहिला सापळा लिपीचा. कित्येक ठिकाणी मराठी पुस्तकांची नावं इंग्रजी अक्षरांत भरलेली असतात. मी तिथे 'रान' इंग्रजीत टाकलं आणि समोर रणजित देसाईंची अख्खी ग्रंथसंपदा आली, पाठोपाठ विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' आणि चार-पाच राण्या. इंग्रजीत 'रण', 'राण' आणि 'रान' सगळे एकच. तुमचा शब्द तिथे किती तऱ्हांनी लिहिला गेला असेल ते आधी कागदावर मांडा. एकेरी 'ए' आणि दुहेरी 'ए' दोन्ही टाकून बघा.

दुसरा सापळा 'सर्व रकाने' या पर्यायाचा. तो निवडला की लेखकाच्या नावातही शोध होतो, आणि मग रानडे येतात. न्यायमूर्ती रानडे, रमाबाई रानडे, गुरुदेव रानडे. माणसं थोर, पण आपण रानात निघालोय. म्हणून शोध नेहमी 'ग्रंथनाम' या रकान्यात करा.

तिसरा सापळा अनुस्वाराचा. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याआधीच्या पुस्तकांवर 'रानांत', 'रानांतील' असं छापलेलं सापडतं. संगणकाला 'रानात' आणि 'रानांत' हे दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे शोधताना नुसतं 'रान' टाका, पुढचं त्याचं तो बघेल. 'अरण्य', 'आरण्यक' असे शब्द घेतलेत तर जोडाक्षरं भरताना कुणाकडून काय झालं असेल सांगता येत नाही, तिथेही अर्धाच शब्द टाकणं शहाणपणाचं.

१९५० च्या आधीचं काही हवं असेल तर शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मागा. पहिल्या खंडात १८०० ते १९३७ ची पुस्तकं आहेत, दुसऱ्यात १९३८ ते १९५० ची. घरी देत नाहीत, संदर्भ विभागात बसून बघावी लागते. एका माणसानं गावोगाव हिंडून हे केलं यावर आधी विश्वास बसत नाही. बसायला जाताना डबा न्या.

६. कपाटांमधली पायपीट

एका शब्दाची पुस्तकं एका कपाटात कधीच नसतात, हे गृहीत धरा. दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याची पद्धत, वापरणाऱ्या वाचनालयात मराठी कविता ८९१.४६१ ला, कादंबरी ८९१.४६३ ला असते. म्हणजे 'रानातल्या कविता' आणि 'रानभुली' यांच्या मध्ये सगळी नाटकं उभी. 'रानवाटा' कुठे ललित गद्यात सापडतं, कुठे प्राणी-पक्ष्यांच्या पुस्तकांत. मी ते एकदा चक्क बागकामाच्या शेजारी पाहिलंय.

म्हणून यादीतून फक्त नाव उतरवून चालत नाही. नाव, लेखक, वर्गांक (वर्गीकरणाचा तो आकडा) आणि दाखल क्रमांक (नोंदवहीतला त्या पुस्तकाचा नंबर) हे चारही उतरवा. कपाटं बंद असतील, आत जायला मज्जाव असेल, तर चिठ्ठीवर हेच चार लिहून द्यायचे असतात. जिथे आत जाता येतं तिथे पुस्तक मिळाल्यावर त्याच्या डावी-उजवीकडची पाच-पाच पुस्तकंही बघून घ्या. माडगूळकरांचं 'जंगलातील दिवस' मला असंच शेजारी सापडलं, उजव्या रकान्यासाठी.

७. जोड्यांनी आणा

सगळी पुस्तकं ओळीनं वाचायची नाहीत. दोन-दोन आणा आणि जोडी अशी लावा की दोन्हींचा शब्दाशी संबंध वेगळा असेल. माझ्या जोड्या सांगते.

पहिली अर्थातच 'रानवाटा' आणि 'रानातल्या कविता'. महानोरांचा संग्रह १९६७ चा, पातळसा. एका बैठकीत संपतो असं वाटतं, पण संपवू नका. रोज चार कविता आणि चितमपल्लींचा एक लेख असं ठेवलंत तर दोन रानांमधला बांध कुठे आहे ते दिसू लागतं.

दुसरी 'रानभुली' आणि 'एका रानवेड्याची शोधयात्रा'. एकात गडाच्या रानातच वाढलेली मुलगी, दुसऱ्यात शहरातून मदुमलाईच्या जंगलात जाऊन राहिलेला तरुण. भूल आणि वेड दोन्हीकडे आहे, पण एकीला ते घरीच लागलेलं आणि दुसऱ्याला त्यासाठी घर सोडावं लागलं.

तिसऱ्या जोडीपासून मी उजव्या रकान्यात गेले, आणि एकाच नावाची दोन पुस्तकं असण्याचा घोळ तिथे झाला. मला हवी होती बिभूतिभूषण बंदोपाध्यायांची बंगाली कादंबरी 'आरण्यक', मराठी अनुवादातली. चिठ्ठीवर फक्त नाव लिहिलं, आणि हातात पडलं रत्नाकर मतकरींचं नाटक 'आरण्यक', ज्यात महाभारताच्या युद्धानंतर म्हातारे धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर वनात जातात. परत करणार होते, पण मग दोन्ही ठेवली. त्या बंगाली कादंबरीत बिहारमधल्या जंगलात एका जमिनदारीचा व्यवस्थापक येतो. त्याचं कामच मुळी जंगल तोडून जमीन कुळांना लावून देण्याचं. जंगलाच्या प्रेमात पडत पडत तो ते संपवतो. म्हणजे चितमपल्लींच्या रानाचं महानोरांचं रान कसं होतं, ते इथे डोळ्यांसमोर घडतं. ज्या पुस्तकाच्या नावात 'रान' हा शब्दच नाही, त्यानं माझी पहिली जोडी सोडवून दाखवली.

८. वाचताना काय टिपायचं

सारांश लिहू नका, कंटाळा येऊन वही बंद पडते. प्रत्येक पुस्तकाला तीनच ओळी:
– शीर्षकातला शब्द आत पहिल्यांदा कुठल्या पानावर येतो
– तो कुणाच्या तोंडी आहे, की लेखकाच्या
– त्या जागी दुसरा शब्द बसला असता का

तिसरी ओळ खरी कामाची. 'रानवाटा'च्या जागी 'जंगलवाटा' म्हणून बघा. जीभ अडखळते, आणि तेवढ्यात कळतं की रान हा चालून ओळखीचा झालेल्या माणसाचा शब्द आहे. चितमपल्लींच्याच दुसऱ्या पुस्तकाचं नाव 'जंगलाचं देणं' आहे. तिथे त्यांनी 'रानाचं देणं' का म्हटलं नसेल यावर मी आणि माझ्या भावानं एका जेवणात पुरेसा वाद घातला. तो शेतकरी आहे. त्याचं म्हणणं, रानाचं देणं म्हटलं तर लोकांना सोसायटीचं कर्ज वाटेल.

वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करायच्या नाहीत, हे सांगायची गरज नसावी. पण आधीच्या कुणी केलेल्या असतील तर जरूर वाचा.

९. मुदत, दंड आणि न मिळणारी पुस्तकं

मुदत बहुतेक ठिकाणी आठवडा ते पंधरा दिवस असते आणि फोन करून वाढवून मिळते. जोडीतलं एक पुस्तक वाढवायचं झालं तर दुसरंही वाढवून घ्या, नाहीतर तारखा वेगळ्या होतात आणि दंड बसतो. मला बसलाय.

यादीत आहे पण कपाटात नाही, असं सारखं होतं. 'बाहेर गेलंय' आणि 'सापडत नाही' या दोन उत्तरांत फरक करा. बाहेर गेलेलं असेल तर नाव नोंदवून ठेवा. सापडत नसेल तर महिन्यानं पुन्हा विचारा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक कुणीतरी उचललं की परत वाटेला लागतं. फार जुनं आणि हक्क संपलेलं असेल तर राज्य मराठी विकास संस्थेनं चढवलेल्या दुर्मिळ ग्रंथांमध्ये किंवा साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बघा, तिथे वाचायला पैसे पडत नाहीत.

गावात वाचनालयच नसेल, किंवा परदेशात असाल, तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाची पेटी जवळपास कुणाकडे येते का विचारा. पेटीत मिळतील त्या पुस्तकांतून शब्द निवडावा लागतो. क्रम उलटा, पण चालतं.

१०. कुठे थांबायचं

मी अकरा पुस्तकांवर थांबले, कारण बारावं पुस्तक फक्त नावासाठी वाचतेय असं तिसऱ्याच पानावर जाणवलं. ते जाणवलं की परत करा, अर्धं वाचलेलं असलं तरी.

वही मी काकांना दाखवली. त्यांनी तोतयांचं पान सर्वांत जास्त वेळ वाचलं. मग आत जाऊन 'माचीवरला बुधा' घेऊन आले. मुंबई सोडून राजमाचीच्या रानात एकटा राहायला गेलेल्या म्हाताऱ्याची ही कादंबरी, पुन्हा गोनीदांचीच.

"काका, यात रान कुठंय? नावात नाही."

"नावात नाही," ते म्हणाले आणि कार्डावर तारखेचा शिक्का मारला.